'चार्ज'चा विरुद्धार्थी शब्द कोणता?

अनुवादकाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीने मला विचारलं आहे: "मॅडम, शब्दकोशात 'चार्ज' या एका शब्दापुढे दोन रकाने भरून अर्थ दिलेत. त्यातले समानार्थी म्हणून कोणते पाठ करू? आणि विरुद्धार्थी म्हणून 'डिस्चार्ज' लिहिलं तर चालेल का?" सोबत तिने सराव परीक्षेतली तीन वाक्यं आणि तिने केलेलं त्यांचं भाषांतर पाठवलं आहे. वाक्यं अशी: 'द बँक हॅज द फर्स्ट चार्ज ऑन द प्रॉपर्टी', 'ही वॉज डिस्चार्ज्ड', आणि 'शी वॉज चार्ज्ड विथ द केअर ऑफ टू चिल्ड्रन'. तिसऱ्याचं तिचं भाषांतर आहे, 'तिच्यावर दोन मुलांच्या काळजीचा आरोप ठेवण्यात आला.' काहीतरी बिनसलंय एवढं तिला कळतंय, पण काय ते सापडत नाही.

न्यायालयीन आणि सरकारी कागदांचं भाषांतर करत मला सव्वीस वर्षं झाली. या काळात ज्या इंग्रजी शब्दांनी माझी सर्वांत जास्त परीक्षा घेतली त्यांत 'चार्ज' पहिल्या पाचांत आहे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, वेळ काढून वाच.

आधी पाठांतराबद्दल. यादी पाठ करू नकोस. आरोप, आकार, बोजा, कार्यभार, हल्ला, प्रभार हे सगळे 'चार्ज'चे अर्थ आहेत, पण ते एकमेकांचे समानार्थी नाहीत. 'बोजा' आणि 'हल्ला' एका ओळीत लिहिलेले पाहून परीक्षक तरी काय समजणार? समानार्थी शब्द अर्थाला असतात, विरुद्धार्थीही अर्थालाच असतात. म्हणून आधी वाक्य बघायचं, त्यातून अर्थ पकडायचा आणि मग बाकीचं.

पण एवढे वेगवेगळे अर्थ एका शब्दात गोळा झाले कसे, हे कळलं की अर्धं काम सोपं होतं. 'चार्ज'चं मूळ गाडीत आहे. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे सामान वाहायची गाडी. त्यावरून 'कारिकारे', म्हणजे गाडीवर माल लादणे. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत 'चार्ज' होऊन आला. 'कार', 'कॅरी' आणि जहाजावरचा 'कार्गो' ही त्याचीच भावंडं. व्यंगचित्राला इंग्रजीत 'कॅरिकेचर' म्हणतात, तोही याच घरातला. चेहऱ्यातल्या एखाद्या वैशिष्ट्यावर जास्तीचं वजन टाकायचं, म्हणजे नाक मोठं असेल तर ते आणखी मोठं काढायचं.

तेव्हा मूळ कल्पना एकच: लादणे, भार टाकणे. माणसावर गुन्ह्याचा भार टाकला की तो आरोप. जमिनीवर कर्जाचा टाकला की बोजा. कर्मचाऱ्यावर कामाचा टाकला की कार्यभार. गिऱ्हाइकावर पैशांचा टाकला की आकार. बंदुकीत दारू भरली की बार.

आणि इथे मराठीकडे बघ. इंग्रजीने जे 'लादण्या'वरून केलं, तेच मराठीने 'भार'वरून केलं आहे. कार्यभार, पदभार, प्रभारी, अधिभार, भारित, विद्युत प्रभार: वेगवेगळ्या खात्यांतले शब्द, पण सगळ्यांत भार आहे. 'भार' संस्कृतच्या 'भृ' धातूवरून आला, आणि वाहणे या अर्थाचं इंग्रजी 'बेअर' हे त्या धातूचं फार जुनं भावंड. म्हणून 'चार्ज'चा अर्थ अडला की मी आधी स्वतःला विचारते, इथे कुणावर कशाचा भार पडतोय? बहुतेक वेळा तिथेच मराठी शब्द सापडतो.

आता न्यायालयातला 'चार्ज'. हा सविस्तर सांगते, कारण तुला तिथेच काम करायचं आहे आणि इथली चूक एखाद्याला महागात पडू शकते.

बोलताना आपण आरोप हा एकच शब्द वापरतो. शेजारीण शेजारणीवर करते तोही आरोप, विरोधी पक्ष सरकारवर करतो तोही आरोप. इंग्रजीत मात्र यासाठी तीन पायऱ्या आहेत. 'अलेज' म्हणजे पुरावा अजून पुढे न ठेवता एखादी गोष्ट घडल्याचं म्हणणे. त्यासाठी 'कथित' किंवा 'असे म्हणणे आहे की' बसतं. 'अक्यूज' म्हणजे कुणीही कुणावर आरोप करणे. 'चार्ज' म्हणजे ज्याला कायद्याने तसा अधिकार आहे त्याने रीतसर, लेखी, कलमासकट आरोप ठेवणे. म्हणून मी 'अक्यूज'ला 'आरोप करणे' आणि 'चार्ज'ला 'आरोप ठेवणे' किंवा 'दोषारोप ठेवणे' असं लिहिते. क्रियापदाचा हा छोटासा फरक मराठीत मुळातच आहे, तो वापरायचा.

याच्या पुढची गुंतागुंत आरोपपत्राची. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात जो अहवाल देतात त्याला रूढ भाषेत 'चार्जशीट' म्हणतात, मराठीत आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १९३ खाली येतो. आधीच्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो १७३ खाली होता. हे काम पोलिसांचं. पण कायद्याच्या अर्थाने 'चार्ज' अजून तयारच झालेला नसतो. तो न्यायालय तयार करतं. कागदपत्रं पाहून, दोन्ही बाजू ऐकून, या माणसावर अमुक कलमाखाली खटला चालवण्याइतकं साहित्य आहे असं वाटलं तर न्यायाधीश आरोप निश्चित करतात. 'चार्जशीट फाइल्ड' म्हणजे 'आरोपपत्र दाखल', आणि 'चार्ज फ्रेम्ड' म्हणजे 'आरोप निश्चित'. दोन्हींमध्ये कित्येक महिने, कधी वर्षं जातात. दोन्हींना 'आरोप ठेवला' असं एकच भाषांतर केलं तर खटला नेमका कुठे आहे हेच वाचणाऱ्याला कळणार नाही. शिवाय आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणजे आरोपपत्राची तारीख आणि आरोप निश्चितीची तारीख यांची गल्लत झाली तर ती केवळ भाषेची चूक राहत नाही.

मग इथे 'चार्ज'चा विरुद्धार्थी कोणता? तुझा 'डिस्चार्ज' इथे खरोखर बसतो. आरोप निश्चित करण्याइतकं साहित्य नाही असं न्यायालयाला वाटलं तर ते आरोपीला 'डिस्चार्ज' करतं. सत्र न्यायालयासाठी ते आता कलम २५० मध्ये आहे, पूर्वी २२७ मध्ये होतं. वृत्तपत्रांत याला 'दोषमुक्त' लिहिण्याची पद्धत पडली आहे. मला 'आरोपमुक्त' जास्त नेमका वाटतो, कारण दोष आहे की नाही याचा विचार तिथे झालेलाच नसतो; आरोप टिकण्यासारखा नाही एवढंच ठरलेलं असतं. खटला पूर्ण चालून निकालात सुटला तर तो 'अक्विट' झाला, म्हणजे त्याची निर्दोष मुक्तता झाली. एकदा निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. 'डिस्चार्ज'ला मात्र ते संरक्षण नाही. तो या कामासाठी निर्दोष मुक्तता मानला जाणार नाही, असं कायद्यातच स्पष्टीकरण आहे. त्यामुळे 'चार्ज'चा विरुद्धार्थी 'डिस्चार्ज' आणि 'कन्व्हिक्ट'चा विरुद्धार्थी 'अक्विट', अशा जोड्या लक्षात ठेव. त्यांची अदलाबदल करायची नाही.

न्यायालयातच 'चार्ज'चा आणखी एक अर्थ होता, तो आता जुन्या कागदांतच भेटतो. आपल्याकडे ज्युरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे सांगणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, होती तेव्हा, साक्षीपुरावे संपल्यावर न्यायाधीश ज्युरीला खटल्याचा सारांश आणि लागू होणारा कायदा समजावून सांगत. त्याला 'चार्ज टु द ज्युरी' म्हणत. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या १९५९ च्या मुंबईतल्या खुनाच्या खटल्यात हा शब्द वारंवार येतो. ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताने 'निर्दोष' म्हटलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेलं. तिथे वादाचा एक मोठा मुद्दा हाच होता की न्यायाधीशांच्या 'चार्ज'मध्ये ज्युरीची दिशाभूल करणाऱ्या चुका होत्या का. आता याचं भाषांतर 'ज्युरीवरील आरोप' असं केलं तर? मी ते छापलेलं पाहिलं आहे. तिथे 'ज्युरीला केलेलं मार्गदर्शन' किंवा 'ज्युरीला दिलेले निर्देश' हवं होतं. भार इथेही आहेच, पण तो जबाबदारीचा आहे.

जमिनीकडे येऊ. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम १०० 'चार्ज'बद्दल आहे. त्याचं मराठी रूप कुठल्याही शेतकऱ्याला विचार, तो लगेच सांगेल: बोजा. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज काढलं की सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात त्याची नोंद होते. त्याला बोजा चढवणे म्हणतात. कर्ज फिटलं की बँकेचा दाखला तलाठ्याकडे द्यायचा, फेरफार होतो आणि बोजा उतरतो किंवा कमी होतो. हे शब्द भाषांतरकारांनी घडवलेले नाहीत. शेतावर आणि चावडीत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत, आणि माझ्या मते 'प्रभार' वगैरेंपेक्षा हजारपटीने चांगले आहेत.

बोजा आणि गहाण यांतला फरक मात्र जपायचा. गहाणात मालमत्तेतला हितसंबंध धनकोकडे, म्हणजे कर्ज देणाऱ्याकडे, जातो. नुसत्या बोजात तसं होत नाही. त्या मालमत्तेतून पैसे वसूल करून घेण्याचा हक्क फक्त तयार होतो. म्हणून 'मॉर्गेज ऑर चार्ज' असं आलं तर 'गहाण किंवा बोजा' असंच लिहायचं, दोन्ही शब्द ठेवायचे.

इथला विरुद्धार्थी शब्द 'डिस्चार्ज'मध्ये शोधायला जाऊ नकोस, जुन्या खरेदीखतात शोध. तिथे ओळ असते: सदर मिळकत निर्वेध व निजोखमी असून ती कोणत्याही जडजोखमीत गुंतलेली नाही. 'जडजोखीम' हा काय शब्द आहे! जड आणि जोखीम, भार आणि धोका, दोन्ही एकत्र. 'एन्कम्ब्रन्स' या आडमुठ्या इंग्रजी शब्दाला याहून चांगला प्रतिशब्द मला कुठल्याही भारतीय भाषेत आढळलेला नाही. तर बोजा असलेल्या मिळकतीच्या उलट काय? निर्वेध, बोजारहित, निजोखमी.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. एका पतपुरवठा करणाऱ्या संस्थेच्या कर्जाच्या कागदाचं मराठीकरण तपासायला माझ्याकडे आलं. त्यात 'संस्थेचा मालमत्तेवर पहिला आरोप राहील' असं लिहिलं होतं, आणि तसे कागद कर्जदारांच्या सह्यांसाठी वाटलेही गेले होते. सही करणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी मला विचारलं, "बाई, माझ्या घराने काय गुन्हा केला?" त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि कळणार तरी कसं? आपण कशावर सही करतो आहोत हे माणसाला त्याच्या भाषेत समजलंच पाहिजे. त्या दिवसापासून 'चार्ज' दिसला की मी पेन खाली ठेवून आधी वाक्य दोनदा वाचते.

कार्यालयातला 'चार्ज' त्या मानाने सोपा. 'चार्ज घेतला', 'चार्ज दिला' हे मराठीतच रुळलं आहे. लेखी भाषेत कार्यभार किंवा पदभार. तात्पुरता असेल तर प्रभारी: प्रभारी मुख्याध्यापक, प्रभारी अधिकारी. स्वतःचं काम सांभाळून दुसऱ्याचंही करायचं असेल तर अतिरिक्त कार्यभार. विरुद्धार्थी म्हणून कार्यमुक्त. बदली झालेल्याला कार्यमुक्त करतात, त्याच्या जागी आलेला पदभार स्वीकारतो. मंत्र्याने किंवा अध्यक्षाने पद सोडलं तर तो पायउतार होतो. सरकारी नोकराच्या विभागीय चौकशीत मात्र हाच 'चार्ज' पुन्हा दोषारोप होतो. एकाच फाइलमध्ये 'चार्ज'चा अर्थ एका पानावर कार्यभार आणि दुसऱ्या पानावर दोषारोप असू शकतो, सावध राहा.

पैशांचा 'चार्ज' म्हटलं की सगळे 'शुल्क' लिहितात. थांब. महावितरणचं मराठी वीजबिल काढून बघ. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असे शब्द आहेत, आणि खाली वेगळं 'वीज शुल्क' आहे. आकार म्हणजे 'चार्ज', वीज पुरवणाऱ्याने सेवेबद्दल घेतलेले पैसे. शुल्क म्हणजे 'ड्यूटी', सरकारकडे जाणारा कर. दोन्हींना शुल्क म्हटलं की बिल वाचताच येणार नाही. हाच आकार शेतसाऱ्याच्या आकारणीत आहे आणि 'दंड आकारणे'तही आहे. परीक्षेसाठी एवढं पुरे: फी म्हणजे शुल्क, फेअर म्हणजे भाडे, टोल म्हणजे पथकर, फाइन म्हणजे दंड, सरचार्ज म्हणजे अधिभार. उलट अर्थासाठी 'फ्री ऑफ चार्ज' म्हणजे विनामूल्य किंवा निःशुल्क, बोलताना मोफत. 'फुकट' अर्थाने तोच, पण त्यात किंमत कमी केल्याचा सूर आहे. सरकारी दवाखान्याच्या पाटीवर 'फुकट उपचार' असं कुणी लिहीत नाही. खात्यावर 'चार्ज' केलं असेल तर ते नावे टाकणे, आणि त्याच्या उलट जमा करणे.

अर्थसंकल्पातला 'चार्ज' फार थोड्यांना माहीत असतो, पण तुझ्या परीक्षेत तो हमखास येईल. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११२ मध्ये केंद्रासाठी आणि २०२ मध्ये राज्यासाठी, काही खर्च संचित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य खजिन्यावर, 'चार्ज' केलेला आहे. राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची वेतनं, राज्याच्या कर्जावरचं व्याज असे हे खर्च. त्यावर विधानसभेत चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. सभागृहाच्या बहुमताला न्यायाधीशांचा पगार अडवता येऊ नये, असा त्यामागचा विचार. अशा खर्चाला 'भारित' म्हणतात. आणि याच्या उलट? 'भारमुक्त' नाही. ज्या खर्चावर सभागृह मत देतं तो 'दत्तमत'. इंग्रजी अंदाजपत्रकात 'चार्ज्ड' आणि 'व्होटेड' असे शेजारी शेजारी शब्द दिसतील, तसे मराठीत भारित आणि दत्तमत. शब्दकोशातल्या विरुद्धार्थींच्या यादीत ही जोडी तुला सापडणार नाही. ती कामाच्या कागदातच सापडते.

आता बंदूक. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे ठासून भरायचे, त्या एका भरण्याला इंग्रजीत 'चार्ज' आणि मराठीत 'बार'. बार भरला, बार काढला, बार फुसका निघाला. खाणीत सुरुंगाचे बारच लावतात. लग्नाचा बार उडवून देतात तोही हाच! ओझं या अर्थाचा फारसी 'बार' आणि आपला 'भार' एकाच मूळ धातूपर्यंत जातात. म्हणजे फिरून आपण पुन्हा तिथेच आलो.

सैन्याच्या 'चार्ज'ला हल्ला, चढाई, मुसंडी हे शब्द आहेत, आणि बखरींतला 'एल्गार' आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊंनी हुजुरातीसह, म्हणजे खास हाताखालच्या फौजेसह, अब्दालीच्या सैन्याच्या मध्यावर घातलेल्या घावाला 'हल्ला' म्हटलं तर फिकं वाटतं, 'एल्गार' म्हटलं की घोड्यांच्या टापा ऐकू येतात. विरुद्धार्थी माघार, पीछेहाट. लाठीचार्जला लाठीमार म्हणावं. तिथे चाल करून जाणं हा मुख्य भाग नाही, लाठी चालवणं हा आहे.

विजेचा 'चार्ज' म्हणजे प्रभार. आधी बंदुकीबद्दल सांगितलं ते यासाठीही की 'बॅटरी' हा शब्द तोफखान्यातला, तोफांच्या रांगेचा. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी एकत्र जोडलेल्या, वीज साठवणाऱ्या काचेच्या लायडन बरण्यांना ते नाव दिलं. प्रभाराला विरुद्धार्थी दोन आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. धनप्रभाराच्या उलट ऋणप्रभार, हे एक. प्रभारित कणाच्या उलट उदासीन कण, हे दुसरं. प्रश्न कुठल्या बाजूने विचारला आहे ते बघायचं. घरात मात्र आपण मोबाईल चार्ज करतो आणि त्याची बॅटरी उतरते. 'उतरते' हा शब्द किती सहज आला बघ: भार चढला तो उतरला. बोजा उतरतो, बॅटरी उतरते, माणूस पदावरून पायउतार होतो. इंग्रजीने त्यासाठी 'डिस' हा उपसर्ग लावला, मराठीकडे चढणे-उतरणे ही जोडी आधीपासून आहे. एखाद्या सभेतल्या 'चार्ज्ड' वातावरणालाही आपल्याकडे भारलेलं वातावरण असा शब्द तयार आहे. तिथे राग असेल तर मात्र भारलेलं म्हणू नये, तंग किंवा तापलेलं म्हणावं.

तू विचारलेल्या 'डिस्चार्ज'चं आता सांगते. तो 'चार्ज'च्या पाठोपाठ सगळीकडे जात नाही, आणि स्वतःही अनेक अर्थांचा धनी आहे. दवाखान्यातून 'डिस्चार्ज' म्हणजे घरी सोडणे, त्याच्या उलट दाखल करणे. जखमेतला 'डिस्चार्ज' म्हणजे स्राव. कर्तव्याचा 'डिस्चार्ज' म्हणजे कर्तव्य बजावणे, पार पाडणे. इथे तर भार टाकून देणं नाही, तो नीट वाहून मुक्कामी पोचवणं आहे. कर्जाचा म्हणजे फेड. आणि धरणाचा म्हणजे विसर्ग. पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत किंवा कोयनेतून इतक्या क्युसेकने विसर्ग सुरू, असं आपण रोज ऐकतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर, म्हणजे दहा हजार क्युसेक म्हटलं तर सेकंदाला जवळजवळ २ लाख ८३ हजार लिटर पाणी. या विसर्गाचा विरुद्धार्थी 'चार्ज' नाही, 'आवक' आहे. पाणी जमिनीत जिरवलं तर ते 'रीचार्ज', म्हणजे पुनर्भरण: विहीर पुनर्भरण, भूजल पुनर्भरण. मोबाईलच्या 'रिचार्ज'ला कुणी पुनर्भरण म्हणत नाही आणि म्हणूही नये. तो शब्द आता मराठीच झाला आहे.

आणखी एक गोष्ट, व्याकरणाची. 'चार्ज'च्या पुढचा छोटा शब्द अर्थ ठरवतो. 'फॉर' आला तर बहुधा पैसे. 'ॲट' आला तर अंगावर धावून जाणं. 'ऑन' आला आणि पुढे मालमत्ता असेल तर बोजा. 'इन चार्ज ऑफ' म्हणजे सांभाळणारा, आणि 'इन द चार्ज ऑफ' म्हणजे ज्याला सांभाळलं जातं तो. एका 'द'ने माणसांच्या जागा बदलतात! 'नर्स इज इन चार्ज ऑफ द पेशंट' म्हणजे रुग्ण नर्सच्या देखरेखीखाली. तिथे 'इन द चार्ज ऑफ' लिहिलं तर नर्सच रुग्णाच्या देखरेखीखाली जाईल. 'विथ' सर्वांत फसवा. 'विथ'च्या पुढे गुन्हा आला, चोरी, फसवणूक, खून, तर आरोप ठेवणे. 'विथ'च्या पुढे काम आलं, देखभाल, चौकशी, अंमलबजावणी, तर सोपवणे.

तुझी वाक्यं घेऊ. पहिलं: 'मालमत्तेवर बँकेचा पहिला बोजा आहे.' दुसरं एकटं सोडवता येत नाही. आरोपमुक्त झाला, दवाखान्यातून घरी सोडला, सेवामुक्त झाला, काहीही असू शकतं. परीक्षेत असं सुटं वाक्य आलं तर आजूबाजूचा उतारा शोध. उतारा नसेल तर एक अर्थ घे आणि तो कुठल्या संदर्भात घेतलास ते कंसात एका ओळीत लिही. प्रत्यक्ष कामात असा कागद आला तर आधीचं पान मागवून घे, लाजू नकोस. मी आजही मागवते.

तिसऱ्या वाक्यात 'विथ' आहे आणि त्याच्या पुढे 'केअर'. काळजी घेणं हा गुन्हा नाही. म्हणून: 'दोन मुलांना सांभाळण्याची जबाबदारी तिच्यावर सोपवली होती.'